बंब

मालवणात गुपित राखणं म्हणजे टोपलीत पाणी राखणं. धुरीवाड्यात सकाळी कुणाकडे सरंगा आला, हे दुपारपर्यंत वायरीला ठाऊक! अशा गावच्या माझ्या भाच्याने वर्षानुवर्षं एक गुपित राखलं, याबद्दल मला त्याच्या इंजिनियरिंगपेक्षा जास्त आदर आहे.

मेकॅनिकलची पदवी घेऊन तो ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या १९५७ पासून चालत आलेल्या प्रशिक्षण शाळेत गेला आणि पुढे तिथेच चिकटला. मधूनच कल्पाक्कमला जाई. का, ते विचारायचं नाही. स्थळं येत. "मुलगा करतो काय?" यावर भावोजी, हाडाचे मास्तर, अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यासारखे गप्प. शेवटी अक्काने त्याला चुलीपुढे गाठलं.

"पाणी तापवतंय गे आये."

"इतक्या शिकान पाणी तापवतंस? मगे आमचो बंब काय वायट होतो?"

दोन स्थळं त्या बंबापायी गेली. तिसरीच्या वडिलांचं गिझरचं दुकान होतं. त्यांना धंदा पटला.

२६ जुलै २००९ ला विशाखापट्टणमला 'अरिहंत' पाण्यात उतरली. पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी नारळ फोडला. (समुद्राला नारळ द्यायची रीत आमचीच!) पेपर वाचला आणि कळलं, पोरगा खोटं बोललाच नव्हता. युरेनियमच्या उष्णतेने पाणी तापवायचं, पण दाबाखाली कोंडून उकळू द्यायचं नाही. त्याच्या उष्णतेने दुसऱ्या पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाईन फिरवायचं. डिझेलच्या पाणबुडीला बॅटऱ्या भरायच्या तर हवेसाठी वर यावं लागतं, तारकर्लीत बुडी मारणाऱ्या पोरासारखं. हिला नाही. हिचा शिधा संपला तरच अडतं. म्हणजे मालवणी माणसासारखंच. या भट्टीचा नमुना आधी कल्पाक्कमला जमिनीवर उभारला होता, हेही तेव्हाच कळलं.

भावोजींनी कात्रण कापून पंचांगात ठेवलं. मुलाला मात्र एक अक्षर विचारलं नाही. चतुर्थीला तो आला तेव्हा अक्कानेच विचारलं, "बंब तापलो?"

"अजून इस्तव घालूक नाय."

हेही पेपरात आलेलंच होतं. त्यापलीकडे तो गेला नाही.

विस्तव पडायला चार वर्षं लागली. तोवर भावोजी गेले. १० ऑगस्ट २०१३ ला अणुभट्टी पेटल्याची बातमी आली, तशी अक्काने मला फोन लावायला लावला.

"तापलो रे?"

"होय गे आये."

एवढंच. अक्काने पंचांगातलं कात्रण काढून भावोजींच्या तसबिरीपुढे ठेवलं, त्यावर गुळाचा खडा. म्हटलं, "अगो, मुंग्या लागतील."

"लागांदेत," अक्का म्हणाली.