झुबरांच्या गावात

गवा एका रात्रीत उभे पीक कसे तुडवतो, हे डोंगरकडेच्या शेतकऱ्याला सांगायला नको. असेच दुखणे सोसणारे बियावोव्येझा हे गाव पोलंडच्या पूर्व टोकाला, बेलारूसच्या सीमेवर आहे. भोवती घनदाट अरण्य, रस्त्याकडेला लाकडी घरे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स अशा दोन्ही पंथांची माणसे इथे नांदतात, म्हणून नाताळही दोनदा येतो : २५ डिसेंबरला आणि ७ जानेवारीला.

या रानाचा राजा झुबर. आपल्या गव्याचाच हा लोकरी अंगाचा युरोपी भाऊबंद. मोठा नर ८०० किलोंपर्यंत भरतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी आणि चोरट्या शिकाऱ्यांनी त्यांचा फडशा पाडला. १९१९ साली इथला शेवटचा रानटी झुबर मारला गेला. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या जनावरांपासून १९२९ मध्ये इथे पुन्हा पैदास सुरू झाली आणि १९५२ मध्ये झुबर रानात मोकळे सुटले. आज ते शेकड्यांनी आहेत.

पण बर्फ पडले, की कळप शेतांत उतरतात. मग शेतकऱ्याने काय करावे? झुबराने केलेले पिकाचे नुकसान तिथे कायद्याने सरकार भरून देते. हिवाळ्यात त्यांच्यासाठी वाळके गवत टाकले जाते. काही शेतकऱ्यांशी करार करून, पैसे मोजून कुरणेही राखली जातात.

तुम्ही कधी तिकडे गेलात, तर अरण्याच्या राखीव गाभ्यात वाटाड्याशिवाय जाता येणार नाही. थंडीतल्या पहाटे कुरणाच्या कडेला मात्र जरूर थांबा. गवताच्या गंजीपाशी झुबर निवांत चरताना दिसण्याचा संभव आहे.