पालकाची सही

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेच्या वर्षाला दोन शेवट असतात. पहिला दिवाळीच्या तोंडावर येतो, दुसरा मे महिन्याच्या पहिल्या तारखेस. पहिल्या शेवटाला सुटीचा आनंद असतो. दुसऱ्याला आनंदाबरोबर किंचित धाकधूकही असते. कारण महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन आटोपल्यावर त्याच मैदानात निकाल सांगण्याची प्रथा अनेक गावांत आजही पाळली जाते. नावे पुकारली जातात, मुले एकेक करून पुढे येतात आणि हातातील घडी घातलेला जाड कागद उराशी धरून घराकडे पळतात. शाळेने वर्षभर जे केले त्याची एवढीच लेखी वार्ता घरापर्यंत पोहोचते.

या कागदाला कोणी प्रगतिपुस्तक म्हणतात, कोणी प्रगतिपत्रक. त्यात उपस्थितीचे दिवस असतात, विषयांच्या पुढे श्रेणी असतात, शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची स्वाक्षरी असते. सर्वांत खाली एक रेघ रिकामी सोडलेली असते आणि तिच्यापाशी ‘पालकाची सही’ असे छापलेले असते. पत्राच्या शेवटी उत्तरासाठी जागा ठेवावी तशी ही जागा आहे. म्हणजे हा कागद घराला उद्देशून लिहिला आहे, असे मानावयास हरकत नाही. तरीही तो वाचताना वाचणाऱ्याला सारखे वाटत राहते की, लिहिणाऱ्याची नजर घराकडे नव्हती; ती दुसऱ्याच कोणाकडे लागलेली होती.

या संशयाला इतिहासाचा आधार आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या सुधारित नियमावलीने शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि अंकगणितातील परीक्षेवर अवलंबून ठेवले. निरीक्षक शाळेत यावा, मुलांना उभे करावे, पास झालेली डोकी मोजावी आणि त्या हिशेबाने पैसे मंजूर करावेत, अशी ती व्यवस्था होती. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे १८५१ पासून १८८६ पर्यंत शाळांचे निरीक्षक होते. साहित्याचा अभ्यासक त्यांना समीक्षक म्हणून ओळखतो. परंतु त्यांच्या आयुष्यातील पस्तीस वर्षे परीक्षा घेण्यात गेली आणि या व्यवस्थेने शिक्षण यांत्रिक होत आहे, ही त्यांची तक्रार त्या अनुभवातून आलेली होती. हीच पद्धत समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आली. १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळांच्या बाबतीत तिला पाठिंबा दिला आणि १९०४ च्या सरकारी ठरावाने ती रद्द होईपर्यंत येथील पंतोजींच्या पोटाचा प्रश्न निकालाशी बांधलेला राहिला. जुन्या मराठी आठवणींत ‘दिपोटी’ येणार म्हणून शाळा सारवली जाते, मुलांना धुतलेले सदरे घालून आणावयास सांगितले जाते आणि धडे तोंडपाठ करून घेतले जातात, ते उगीच नव्हे. निकालाचा खरा वाचक तेव्हा दिपोटी होता. मूल हे त्या निकालाचे केवळ साधन होते आणि घर तर हिशेबातच नव्हते.

याविरुद्ध बोलणारी माणसेही याच भूमीवर झाली. भावनगरच्या गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातील शिक्षक अधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग एका वर्षासाठी मागून घेतो आणि गोष्टी सांगण्यापासून आरंभ करतो. त्याच्यापुढेही वर्षअखेरीची परीक्षा असतेच. फक्त वर्ष परीक्षेसाठी आहे, हे तो मान्य करीत नाही. गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे १९४५ मध्ये अनुताई वाघांसह बोर्डीस आल्या आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले सकाळीच गुरे घेऊन बाहेर पडत. शाळेच्या वेळेला ती येत नाहीत, अशी हजेरीपटात नोंद करून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी शाळाच कुरणात नेली. मूल शाळेत का आले नाही, या प्रश्नाची जागा शाळा मुलाकडे का गेली नाही, या प्रश्नाने घेतली. प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात याहून मोठी उलथापालथ क्वचितच झाली असेल.

शासनाच्या कागदावर या विचाराचे प्रतिबिंब पडावयास बराच काळ जावा लागला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा अमलात आला. त्याने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्यास मनाई केली आणि सातत्यपूर्ण, सर्वंकष मूल्यमापनाचा आग्रह धरला. महाराष्ट्रात त्याच वर्षी गुणांच्या जागी श्रेणी आल्या आणि श्रेणींच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, अशा रकान्यांत शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी आपल्या शब्दांत लिहावे, अशी अपेक्षा होती. (२०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना पुन्हा मिळाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने ती स्वीकारली, हा पुढचा भाग.) कल्पना उदात्त होती. परंतु चाळीस मुले, प्रत्येकाचे सात-आठ विषय आणि एप्रिलचा शेवटचा आठवडा, या गणितात ‘आपले शब्द’ फार काळ टिकत नाहीत. तयार नोंदींच्या याद्या निघाल्या. ‘आत्मविश्वासाने बोलतो’, ‘परिसराचे सूक्ष्म निरीक्षण करते’, ‘गटकार्यात सहभागी होतो’, अशी वाक्ये एका शाळेतून दुसऱ्या शाळेत उतरवली जाऊ लागली. दिपोटी गेला, पण त्याची खुर्ची अजून मांडलेलीच आहे आणि कागद तिच्याकडे तोंड करूनच लिहिला जातो.

मग घरी हा कागद कोण वाचतो? ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी शाळेत गेले आहे, त्या घरी याचे उत्तर एकच आहे: ज्याचा निकाल आहे तोच. शेतावरून आलेली आई हात पुसून बसते, बाप कागद उलटसुलट पाहून परत देतो आणि मूल स्वतःविषयीचा अभिप्राय स्वतःच वाचून दाखवू लागते. ते केवळ वाचीत नाही, अनुवादही करते. ‘आकलनक्षमता’ हा शब्द घरच्या बोलीत नसतो. तांड्यावरील मुलाला तर पुस्तकी मराठीतून गोरमाटीत यावे लागते. जगातील बहुतेक अनुवादकांप्रमाणे हा अनुवादकही अडचणीचा मजकूर गाळतो. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यापाशी त्याचा आवाज घाईत पुढे सरकतो. आईला ते कळते, पण ती काही बोलत नाही.

आणि पुष्कळदा वाचणेच जमत नाही. ‘असर’ ही पाहणी २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांपुढे एक कागद ठेवते. त्यावर अक्षरे, शब्द, एक सोपा परिच्छेद आणि एक दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. २०२४ च्या पाहणीतही पाचवीतील निम्म्याहून कमी मुलांना ती गोष्ट वाचता आली. ही परीक्षा शाळेत होत नाही, ओसरीवर होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रगतिपुस्तकही त्याच ओसरीवर येऊन पडलेले असते.

त्या कागदाची भाषा या दृष्टीने एकदा पाहावी. मराठी मूल आधी मुळाक्षरे शिकते, मग काना-मात्रा-वेलांटी आणि सर्वांत शेवटी जोडाक्षरे. प्रगतिपुस्तकावरील शब्द मात्र असे आहेत: प्रगती, विद्यार्थी, इयत्ता, सत्र, श्रेणी, उपस्थिती, आवश्यक, उत्तीर्ण. एकही जोडाक्षरावाचून नाही. पूर्वीचे ‘पास’ आणि ‘नापास’ हे शब्द क्रूर होते, परंतु पहिलीच्या मुलाला ते वाचता तरी येत. आजच्या सौम्य कागदावर पहिली-दुसरीच्या मुलाला बिनचूक वाचता येईल अशी ओळ शोधू गेले तर तळाशी एक सापडते: ‘पालकाची सही’. ज्या ओळीवर उमटवावयाचा अंगठा त्याचा नाही, तेवढीच ओळ त्याच्या आवाक्यातील आहे.

बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात, सत्राच्या शेवटाला आणखी एक अर्थ आहे. दिवाळीच्या सुमारास उसाचा गळीत हंगाम सुरू होतो आणि मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुले त्या मोजणीत येत नाहीत, पण गाडीत येतात. सांभाळणारे कोणी असले तर हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मूल गावात राहते. नसले तर पाचटाच्या कोपीत धाकट्याला सांभाळीत बसते. नव्या ठिकाणी प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी पत्रक हातात दिले जाते. परंतु फडाबरोबर कोपी हलते आणि पत्रक पिशवीत राहते. कुटुंब परतते ते मार्च-एप्रिलात. अशा मुलाला वर्षाचा एकच शेवट असतो, दिवाळीचा. मे महिन्यातील शेवट हा दुसऱ्यांच्या वर्षाचा असतो.

या भागातील एका द्विशिक्षकी शाळेत एक बाई पहिली आणि दुसरी सांभाळतात. दरवर्षी सहामाहीच्या सुमारास त्यांच्या वर्गातील काही जागा रिकाम्या होऊ लागतात. कोण केव्हा जाणार हे त्यांना मुलांच्या दप्तरावरून कळते. जाणारे मूल पाटी-पुस्तक शाळेत ठेवीत नाही. एका वर्षी दुसरीतील एक मुलगी दुपारनंतर जाणार होती. सत्राच्या नोंदी अद्याप भरावयाच्या होत्या. बाईंनी तिचा कागद पुढे घेतला, तयार वाक्यांची यादी बाजूस सारली आणि विचार करीत बसल्या. मुलगी जोडाक्षरांपाशी अडखळते, हे त्यांना ठाऊक होते. शेवटी त्यांनी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिले: ‘तुला ओळी वाचता येतात. आता रोज आईला एक पान वाचून दाखव.’ त्या दोन वाक्यांत एकही जोडाक्षर नव्हते. मुलीने ती उभ्या उभ्या वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि कागद पिशवीत न ठेवता हातातच ठेवला.

ही नोंद नियमात बसते की नाही, हा प्रश्न कोणी विचारील. नोंद पालकांसाठी असते आणि ही तर मुलीलाच उद्देशून होती. तिने फडावर खरोखर रोज पान वाचले असेल, असेही समजण्याचे कारण नाही. कोयत्याच्या दिवसाला संध्याकाळ उशिरा होते आणि कोपीत दिव्याची वानवा असते. दोन वाक्यांनी सहा महिन्यांची शाळा भरून निघत नाही. त्यासाठी कोसबाडसारखी शाळा फडापर्यंत जावी लागेल आणि ते काम एकट्या बाईंचे नव्हे.

तरीही त्या कागदाने एक गोष्ट केली. ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याला कळेल असे लिहावे, हा लेखनाचा अगदी प्राथमिक धर्म त्याने पाळला. मुलीला काय येते हे त्याने सांगितले आणि ते खरे आहे हे त्याच क्षणी, ती वाचीत असताना, सिद्धही झाले. निकाल आणि परीक्षा यांच्यामधील अंतर तेवढ्यापुरते नाहीसे झाले. सत्राच्या शेवटी शाळेने घराला कळवावयाची वार्ता याहून वेगळी काय असू शकते? आईच्या अंगठ्याखाली कोणती श्रेणी आहे, हे आईला कदाचित कधीच कळणार नाही. पण लेक वाचते आहे, हे ऐकण्यास तिला अक्षरओळखीची गरज नसते.