ऐनावर दुसरी पिढी

गेल्या मोसमापासून सीतेची वेणी या आमरीचं (ऑर्किडचं) परागीकरण माझ्या हातून होत नाही. फुलातलं टोपण उचलताना काडी थरथरते, आणि परागपुंजांची ती पिवळी जोडी गवतात पडली की शोधून सापडत नाही. आता ते काम शेजारची बीएस्सी करणारी मुलगी करते. "काका, चिकटलं," असं ती म्हणाली की मला आनंद होतो. हेवाही वाटतो.

पण फळधारणा ही माझी अडचण कधीच नव्हती. शेंग तडकली की बी बोटावर पिठासारखं बसतं, हवं तितकं. १९२२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ नडसननं आमरीचं असं बी बुरशीशिवाय साखरेच्या जेलीवर रुजवून दाखवलं. तेव्हापासून बाटलीतली रोपं हा काही पराक्रम राहिलेला नाही. मिरगाच्या तोंडावर, मुळांची टोकं हिरवी असताना झाडाला बांधलं तर बरीचशी रोपं धरतात. पेरूवर बांधू नये, त्याची साल सुटते. ऐनाच्या भेगाळ सालीत मुळं घट्ट शिरतात.

माझं घोडं अडलंय ते पुढे. आमच्या ऐनावरच्या वेण्या फुलतात, त्यांच्या शेंगा तडकतात, वाऱ्यावर बी उडतं, आणि त्या झाडावर आपोआप रुजलेलं एकही रोप नाही. हाकेच्या अंतरावरच्या जुन्या आंब्यावर मात्र कुणी न लावलेली, नखाएवढ्या पानांची रोपं आहेत. या बियाला स्वतःची शिदोरी नसते. बुरशीनं भरवलं तरच ते वाढतं, हे नोएल बर्नारनं १८९९ मध्येच सांगितलं होतं. म्हणजे आंब्याच्या सालीत जे आहे ते माझ्या ऐनाच्या सालीत नाही. आंब्याच्या सालीचे तुकडे आणून मुळांपाशी खोचले. शेवाळ खरवडायचं बंद केलं. पावसाळाभर भिंग घेऊन साल बघतो. हिरवा दाणा दिसला की काळीज हलतं, आणि चार दिवसांनी ते शेवाळच ठरतं. कलमांच्या बागांत भुरीसाठी जे बुरशीनाशक मारतात, त्याचा फवारा वाऱ्यानं इथवर येत असेल का, हा संशय माझ्या मनातून जात नाही.

हजारो रोपं लावल्याचे फलक लावणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही. दुसऱ्या वैशाखानंतर मोजा, आणि मोजायचंच तर नातवंडं मोजा. जंगलातून ओरबाडलेल्या आमरी 'नर्सरीच्या' म्हणून विकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. आमरींचं अख्खं कुळ साइटीसच्या यादीत आहे, पण तो करार देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या व्यापारापुरता. आठवडी बाजारातल्या टोपलीला तो अडवत नाही. आणि बांडगूळ समजून कोयत्यानं खरवडणारे आमचेच लोक. आमरी झाडाचा रस पीत नाही, ती नुसती बसते. किती वर्षं सांगतोय!

ऐन दाखवायला लोक पाहुणे घेऊन येतात ते मला आवडतं, हे लपवत नाही. आपोआप रुजलेलं पहिलं रोप त्या मुलीच्या आधी मला दिसावं, असंही वाटतं. तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे.

त्या आंब्यावर आता रस्तारुंदीची लाल खूण आहे. आम्ही दोघं आंब्यावरच्या वेण्या सोडवून आणायच्या बेतात होतो. ती म्हणाली, "काका, सोडवायच्या कशाला? फांदीच आणू ना. सालीसकट ऐनाला बांधू." हे मला सुचायला हवं होतं. साल सालीला टेकली तर बुरशी पलीकडे जाईल की नाही, ते पावसात दिसेल. लाकूडतोड्यांना सांगून ठेवलंय : फांद्या पाडाल त्या दिवशी सकाळीच हाक मारा, फांद्या दोरानं खाली सोडा, आणि साल अजिबात सोलू नका.