ओट्यावरून परतवारी

आषाढी एकादशीचे दर्शन आटोपून वारकरी पंढरपूरहून निघतात आणि आषाढ वद्य एकादशीला नरसी नामदेवला पोहोचतात. हीच परतवारी. कयाधू नदीकाठचे हे गाव म्हणजे संत नामदेव महाराजांचे जन्मस्थान; जन्मवर्ष १२७०. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात असल्यामुळे पंजाबातील भाविकही या मातीला वंदन करतात.

गावातील एका निवृत्त शिक्षकाच्या वृद्ध मातोश्री वर्षानुवर्षे या वाटेवर गाळलेल्या पाण्याचा माठ घेऊन बसत. पुढे गुडघे थकले आणि वाट ओट्यापाशीच थांबली. समोर शेत, शेतापलीकडे अर्ध्या किलोमीटरवर दिंडीचा रस्ता. “माणसं दिसत नाहीत रे, नुसता रंग हलतो,” असे त्या एकदा म्हणाल्या.

मुलाने एका स्नेह्याकडून हातात धरायची दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण आणली. आईने ती डोळ्यांना लावली आणि लगेच म्हणाली, “दिसलं हो, छान दिसलं.” जवळ जाऊन पाहतो तो दुर्बीण आभाळाकडे, हात थरथरत असलेले आणि चष्मा काचेवर आपटत असलेला. मुलाला वाईट वाटू नये म्हणून ती ‘दिसलं’ म्हणाली होती. त्या दिवशी त्याने ठरवले, आईला खरोखर दिसेल अशीच दुर्बीण आणायची.

पुण्याच्या दुकानात त्याचे मन प्रथम १०० मिलिमीटर भिंगांच्या, पंचवीसपट मोठे दाखवणाऱ्या जोडदुर्बिणीवर जडले. मोठे भिंग, मोठे दर्शन, असा सरळ हिशेब. मात्र दिवसा हा हिशेब वेगळा असतो. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. येथे तो चार मिलिमीटर. भर उजेडात माणसाची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते आणि उतारवयात ती लहानच राहते. उरलेला प्रकाश बाहुलीभोवतीच्या पडद्यावर पडून वाया जातो. अडीच मिलिमीटरच्या बाहुलीला पंचवीसपटीसाठी सुमारे ६२ मिलिमीटरचे भिंग पुरते. रात्री तारे पाहणाऱ्यास मोठे भिंग वरदान ठरते. दिवसा ओट्यावर बसणाऱ्या वृद्धेला ते केवळ ओझे.

म्हणून त्याने ७० मिलिमीटर भिंगांची, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची, आयपीस बदलता येणारी जोडदुर्बीण निवडली. नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की पट मिळते. २० मिलिमीटरच्या आयपीसने वीसपट, म्हणजे अर्ध्या किलोमीटरवरचा चेहरा पंचवीस मीटरवर असल्यासारखा. १० मिलिमीटरच्या आयपीसने चाळीसपटही मिळते. पण उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर चढते आणि मोठ्या पटीत चित्राबरोबर ती थरथरही मोठी होते. मराठवाड्याच्या दुपारी चाळीसपट म्हणजे मृगजळच. त्याने वीसपटीचीच जोडी घेतली.

आयपीस निवडताना त्याने आणखी दोन गोष्टी तपासल्या. आई चष्मा लावते, म्हणून काचेपासून डोळा सुमारे वीस मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसणे आवश्यक होते. साध्या, कमी अंतराच्या आयपीसना डोळा अगदी चिकटवावा लागतो. शिवाय निघण्यापूर्वी त्याने फूटपट्टीने आईच्या दोन बाहुल्यांमधील अंतर मोजून घेतले होते. ते ५७ मिलिमीटर भरले. जाडजूड आयपीस एवढ्या जवळ येत नाहीत आणि आले तरी मध्ये नाकाला जागा उरत नाही. दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत ना, हेही त्याने दूरच्या खांबाकडे बराच वेळ पाहून खात्री करून घेतले. नळ्या जराशा जरी तिरप्या असल्या तरी दोन चित्रे एक करताना डोळे शिणतात आणि डोके दुखू लागते.

आयपीस पंचेचाळीस अंशांत कललेले घेतल्यामुळे पोथी वाचताना झुकवावी तेवढीच मान झुकवावी लागे. भक्कम तिपाई खुर्चीपुढे मांडली, हात लावायचे काम उरले नाही. सूर्य पाठीशी राहील अशी खुर्ची ठेवली आणि वापर नसताना झाकणे लावण्याचा नियम घरातील मुलांना बजावला. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी दृष्टी कायमची जाऊ शकते.

परतवारीची सकाळ ढगाळ होती. पावसाने भिजलेली जमीन थंड, हवा स्थिर. आई खुर्चीत बसली, चष्म्यासह पुढे झुकली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मुलानेही विचारले नाही. विचारले असते तर ती ‘दिसलं’ म्हणाली असती, आणि त्यातून काहीच कळले नसते.

मग डोळे न हलवता ती म्हणाली, “ती पिवळ्या लुगड्यातली म्हातारी बघ. अनवाणी आहे. दोनदा थांबली. घोट घोट पाणी मागते आहे, कुणाचं लक्ष नाही.”

मुलाने तांब्या भरला आणि शेताच्या बांधावरून तो रस्त्याकडे निघाला.