बॅटरी किती तास चालते? दुकानदाराचा हिशेब आणि माझा

मागच्या महिन्यात वळवाच्या पावसात आमच्या वस्तीवर जे झालं ते आज लिहितोय. नुकसान झालंच आहे, निदान आकडे तरी तुमच्या कामी येतील.

गावरान अंड्यांची बॅच लावली होती, २४० अंडी. सातव्या दिवशी टॉर्च लावून बघितल्यावर २१२ ठेवली. सोळावा दिवस. रात्री ९.४० ला तार तुटली, लाईट गेली. मी निवांत. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे, दुकानदार म्हणाला होता, "दादा, नऊ तास कुठं नाही गेले." १२.१५ ला इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि बंद पडला. दोन तास पस्तीस मिनिटं!

आईनं गोधड्या काढल्या. हवेची भोकं उघडी ठेवून यंत्र गुंडाळलं, चुलीवर पाणी तापवून बाटल्या खालच्या ट्रेमध्ये ठेवल्या, दर तासाला बदलल्या. तरी ३७.५ वरचा काटा पहाटे ३३ वर आला. लाईट आली ६.१० ला. पिल्लं एक दिवस उशिरा फुटली, १३९ निघाली. आधीच्या बॅचला १७५ च्या खाली कधी आलो नव्हतो.

आता दुकानदाराचा हिशेब बघा. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास. यंत्राला २०० वॅट धरले की नऊ तास. गणित बरोबर, पण बॅटरी कागदावरची.

पहिली गोष्ट, १५० हा आकडा सी-२० चा. म्हणजे २० तासांत हळूहळू, साडेसात अँपिअरनं काढली तर १५०. जोरात ओढली की तेवढी मिळत नाही. माझा ओढा ३० अँपिअरच्या वर होता. तिथं १५० चे १२० च धरा. दुसरं, बॅटरी चार वर्षांची. पाणी वेळेवर घालतो, तरी एका सेलची ग्रॅव्हिटी बाकीच्यांपेक्षा कमी येते. पाऊण ताकद धरली, राहिले ९०. गुणिले १२, म्हणजे १०८०. त्यातले वीस टक्के इन्व्हर्टर स्वतःच खातो. हातात ८६४.

आणि लोड? यंत्राचा हीटर २०० चा, पण तो चालू-बंद होतो, सरासरी १०० धरा. आतला पंखा आणि अंडी फिरवायची मोटर मिळून ३०. इथवर ठीक. पण त्याच लाईनवर घरातले दोन सीलिंग फॅन, दीडशे वॅट, आणि दोन बल्ब. झाले ३००. म्हणजे आम्ही गार वाऱ्यात झोपलो होतो ते अंड्यांच्या जिवावर. (हे घरात बोललो तर आई म्हणाली, "मग मला का नाही सांगितलंस?" बरोबर आहे तिचं.)

८६४ भागिले ३०० म्हणजे पावणेतीन तासांच्या थोडं वर. पावसानं गारठा पडल्यामुळं हीटर जास्त चालला, वरची पंधरा-वीस मिनिटं तिथं गेली.

नंतर वायरमनला बोलावून फॅन इन्व्हर्टरवरून काढले. आता फक्त यंत्र आणि एक बल्ब, १४० वॅट. ओढा निम्म्याहून कमी झाला, त्यामुळं बॅटरीही जास्त देते. कागदावर पावणेसात तास येतात. पण यावेळी कागदावर विसंबलो नाही. यंत्र रिकामं असताना पूर्ण चार्ज करून मेन स्विच पाडला आणि घड्याळ लावून बसलो. ६ तास १० मिनिटांनी ओरडला. ही चाचणी सारखी करू नका, पूर्ण खाली केलेली बॅटरी लवकर मरते. मी वर्षातून दोनदा करणार, उन्हाळ्याआधी आणि दिवाळीनंतर.

यंत्राशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय, ६.१०. त्याखाली आईनं लिहिलंय, "चार तासांनी पाणी तापवायला ठेवणे."