डोळे दिपवणारा दिवा

आमच्या तात्यांची जीप पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होती. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. रात्री-अपरात्री कुणाला पान लागले, कुणाची लेक बाळंतपणात अडली, की माणसे कंदील घेऊन आमच्या ओट्यावर यायची. तात्या कधी ‘सकाळी बघू’ म्हणाले नाहीत. धोतराचा सोगा खोचून जीप काढायची आणि राहुरीचा दवाखाना गाठायचा. माझ्या धाकट्या बहिणीला तापात झटके आले, तेव्हा तिलाही याच जीपने वेळेवर पोचवले. आज ती नातवंडांत रमली आहे.

तात्या गेले आणि जीप गोठ्याशेजारी पडून राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. एक दिवस चुलत भाऊ म्हणाला, “दादा, भंगारवाला दारात आलाय. देऊन टाकू का?” माझ्या पोटात कालवले. मी म्हणालो, “थांब. तिने आपल्या घरातला जीव वाचवलाय. मी बघतो तिचे.”

इंजिन आमच्या मिस्त्रींनी महिनाभरात चालू केले. अडले ते दिव्यापाशी. उजवा दिवा शाबूत होता, पण डाव्या बाजूच्या खोबणीत चिमणीचे घरटे! आता जुन्या जीपचा जुना दिवा आणायचा कुठून? माणसांनी पुण्याचा जुना बाजार सांगितला, मुंबईचा चोर बाजार सांगितला, कुर्ल्याची भंगाराची दुकाने सांगितली. मी एका बाजारात दिवसभर फिरलो आणि अखेर मनासारखा दिवा मिळाला. जाड काच, आत चांदीसारखा लखलखाट. खोबणीत चपखल बसला. विकणारा म्हणाला, “साहेब, परदेशी माल आहे. असा आता मिळायचा नाही.” माल परदेशी होता हे खरेच. घोटाळा तिथेच होता.

उसाचा हंगाम होता. कोल्हारहून राहुरीकडे येत होतो. समोरून उसाची बैलगाडी आली. मी रीतीप्रमाणे डिपर मारला. तरीही बैल बुजले, गाडी कडेच्या चरात उतरली आणि अर्धी मोळी रस्त्यावर सांडली. वर बसलेली बाई कशीबशी वाचली. डावा बैल गुडघ्यावर पडला होता. मी धावत गेलो. गाडीवान पाथर्डीकडचा, ऊसतोडीला आलेला, वयाने माझ्याहून थोर. तो शिव्या देईल असे वाटले. त्याने आधी बैलाच्या गुडघ्यावर हात फिरवला आणि डोळे चोळत एवढेच म्हणाला, “साहेब, दिवा लावा, पण आमचे डोळे फोडू नका.”

“बाबा, मी तर डिपर मारला होता!” मी म्हणालो.

“आम्हाला तर काहीच दिसलं नाही,” बाई म्हणाली.

जनावरांच्या डॉक्टरला आणले, आठ दिवस बैल बांधून राहिला. त्या दिवसांची त्यांची मजुरी मी भरून दिली. पण ते वाक्य मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी जीप मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभी केली आणि अंधार पडल्यावर डिपर लावला. उजव्या दिव्याचा उजेड डावीकडे जरा वर चढत होता. मी आणलेल्या डाव्या दिव्याचा मात्र उजवीकडे चढत होता!

मिस्त्री म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्ही बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचायला लोकांना शिकवता. मग काचेवरचे का नाही वाचले?”

मी मनातून शरमलो. त्या दिवशी जे शिकलो, ते वाचकांच्या कामी यावे म्हणून सांगतो.

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. म्हणून आपल्याकडच्या दिव्याची काच अशी घडवलेली असते, की डिपरचा उजेड डावीकडच्या कडेवर लांब पडावा आणि उजवीकडून समोर येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये. युरोपातले बहुतेक देश आणि अमेरिका उजवीकडून चालतात. तिथल्या दिव्याचा उजेड उलट्या अंगाला चढतो. काचेवरच्या बारीक रेघा म्हणजे नक्षी नव्हे, उजेडाला वळण लावणारे पाटच ते! युरोपीय पद्धतीच्या काचेवर वर्तुळात इंग्रजी ‘ई’ अक्षर आणि आकडा असतो. नुसत्या डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी दिवा असेल, तर समोरून पाहणाऱ्याच्या उजवीकडे टोक असलेला बाण काढलेला असतो. माझ्या दिव्यावर ‘ई’ होता, बाण नव्हता. त्याहून जुन्या काचांवर ही खूण नसते, तिथे भिंतीची परीक्षा हीच खरी.

दुसरी गोष्ट माप. जुनी जीप, अ‍ॅम्बॅसेडर, फियाट, एवढेच काय बुलेट, यांचा गोल दिवा सहसा सात इंची. त्यामुळे दिवा बसला म्हणजे तो त्याच गाडीचा, असे होत नाही. माझी फसगत इथेच झाली.

तिसरी गोष्ट जात. काही दिव्यांत मागून बल्ब बदलता येतो. काहींत काच, आरसा आणि तार सगळे एकजीव असते. त्याला सील्ड बीम म्हणतात. अमेरिकेत 1940 च्या मॉडेलांपासून तो आला. त्यातली तार जळाली की अख्खा दिवा बदलावा लागतो. आणि बॅटरी 6 व्होल्टची की 12 ची, हे आधी पाहावे. 6 चा बल्ब 12 वर लगेच जळतो, 12 चा 6 वर काजव्यासारखा लुकलुकतो.

चौथी गोष्ट रिंग. लोहचुंबक लावून पाहावा. कित्येक जुन्या रिंगा पितळेच्या असून वर क्रोमचा मुलामा असतो. त्यांना चुंबक चिकटत नाही. चिकटला तर रिंग लोखंडी, म्हणजे बहुधा नंतरची. आतला आरसा मात्र राखेने किंवा फडक्याने घासू नये. मुलामा निघाला की दिवा आंधळा होतो. आणि दिवा मंद दिसला तर लगेच टाकून देऊ नये. पुष्कळदा दोष गंजलेल्या अर्थिंगचा असतो.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी पुतण्यांना घेऊन गेलो होतो. 1994 साली सुरू झालेल्या या संग्रहालयात रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टची जुनी चिलखती गाडी आहे. ती पाहून मुलांनी विचारले, “काका, पहिल्या मोटारींना बॅटरी नव्हती, तर दिवे कसे लागायचे?” मी सांगितले, कार्बाइडवर. त्यावर पाणी ठिबकले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो पेटवला की पांढराशुभ्र उजेड पडतो. आंबे-केळी पिकवायला चोरून वापरतात तेच हे कार्बाइड. फळांसाठी त्याला कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो. दिव्यातली वस्तू दिव्यातच बरी.

आणखी एक. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात. पण अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच. तेव्हा हौसेपोटी घाई न करता आधी आर.टी.ओ. कचेरीत विचारावे.

माझा योग्य दिवा शेवटी कुठे मिळाला म्हणता? आमच्याच शिवारात! एका बागायतदाराने जुन्या जीपचा दिवा बॅटरीला जोडून गोठ्यात टांगला होता. मी त्याला नवा एलईडी दिवा दिला आणि तो जुना घेतला. भिंतीची परीक्षा आधी केली, मगच बसवला. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते असे.

तो परदेशी दिवा मी विकला नाही. दुसऱ्या कुणाचा बैल चरात जायला नको. तो माझ्या टेबलावर आहे. आता हंगामात ऊसतोडीच्या तळावर गेलो, की माहितीपत्रकांबरोबर रिफ्लेक्टरच्या पट्ट्याही नेतो. गाडीला मागे लाल, पुढे पांढरी चिकटवून देतो. गेल्या हंगामात एका गाडीवर चिकटवताना ओळखीचा आवाज आला, “साहेब, बैल बरा हाय आता.”

मी मागे वळून त्या बैलाच्या गुडघ्याकडे पाहिले. केस पुन्हा उगवले होते.