वारीची दैनंदिनी : माळ खुंटीला, हात मृदंगावर

सासवड
दिवेघाट पार पडला. पाऊस नाही, ऊन चटके देणारं. पुणे ते सासवड हा पालखीमार्गातला सगळ्यांत लांब टप्पा आणि नेमका आजच पाण्याचा टँकर उशिरा. चहा ३०, पायाचं मलम ८५, मोबाइल चार्जिंग २०. पुण्याहून सोबत चाललेली आयटीतली पोरं संध्याकाळी माघारी फिरली, उद्या त्यांना ऑफिस आहे. एक दिवसाची वारी म्हणून त्यांना हसणारे बरेच भेटतात. पण त्यातली एक मुलगी घाटात एका आजींचं बोचकं डोक्यावर घेऊन चढली. आजींनी निरोप देताना वाकून तिच्याच पायांना हात लावला. मुलगी गडबडून मागं सरली, मग तीही वाकली.

जेजुरी
टँकर पुन्हा उशिरा. भंडाऱ्यानं माणसं, पताका, ट्रक सगळं पिवळं. चहा २०, केळी ४०. पाय सुजलेत.

वाल्हे
दिंडीचा नेहमीचा मृदंगवाला गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे यंदा घरी आहे. त्याच्या जागी बार्शीकडचे एक काका आलेत. साठी ओलांडलेली, सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेलेली. पहाटे काकड्याआधी ते स्वयंपाकाच्या राहुटीपाशी येतात. "आजी, गोळाभर कणीक द्या." आजी परातीतून लिंबाएवढा गोळा तोडून देतात. काका तो ओल्या हातानं मळून मृदंगाच्या डाव्या तोंडावर, धुमेवर, अंगठ्यानं गोल थापतात. मग एक थाप, कान लावून ऐकणं, चिमूटभर कणीक काढणं, पुन्हा थाप. उजवी बाजू शाईची. तिथं गट्टे ठोकून सूर चढवायचा. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, त्यामुळे हा खटाटोप रोजचाच.

काकांच्या गळ्यात माळ नाही. दिंडीत हे लगेच डोळ्यांवर येतं. वडिलांच्या बोटाला धरून सुरू झालेली त्यांची वारी २०२० पर्यंत चुकली नव्हती. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्यांचा थोरला मुलगा गेला. काका एवढंच म्हणाले, "जन्मभर ज्या गाड्या दुरुस्त केल्या, त्यातनं माउली गेल्या. माझ्या पोराला वेळेवर गाडी मिळाली नाही." तेराव्याला त्यांनी माळ काढून खुंटीला लावली. देव्हारा बायकोकडे सोपवला.

यंदा विणेकरीबुवा घरी बोलवायला गेले, तेव्हा काकांनी स्पष्ट सांगितलं, "वाजवायला येतो. हात जोडणार नाही." बुवा म्हणाले, "हात मृदंगावर असू द्या काका, जोडायला कोण सांगतंय?"

बुवांचं हे उत्तर मोठं आहे. दुःखानं देवाशी भांडण काढलेल्या माणसाला उपदेश करणारे गावोगाव भेटतात. काम देणारा एखादाच.

लोणंद
नीरेत पादुकांचं स्नान. पाऊस धो धो. राहुटीत पाणी. प्लास्टिकचा कागद १५०. टँकरबद्दल न लिहिलेलं बरं.

तरडगाव
चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. रात्री समाज आरतीला चोपदारांनी चोप उंच केला आणि एवढा मोठा तळ क्षणात गप्प झाला. फक्त एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं टाळ थांबवायचे नाहीत, अशी इथली रीत आहे. चोपदार त्यांच्याकडे गेले, गाऱ्हाणं ऐकलं, मग टाळ थांबले आणि पुढचं सुरू झालं. हैबतबाबा आरफळकर हे शिंदे सरकारच्या फौजेतले सरदार. त्यांनी या सोहळ्याला लष्करी शिस्त लावली, आणि त्या शिस्तीत तक्रारीचीही जागा आहे. काका मृदंगावर हात ठेवून त्या दिंडीकडे बराच वेळ बघत होते.

फलटण
मुक्कामाला एका निवृत्त शिक्षकांनी विठ्ठल रामजी शिंद्यांचा विषय काढला. १८७३ साली जमखंडीत जन्म, घर वारकरी. फर्ग्युसनमध्ये शिकताना मिल आणि स्पेन्सर वाचून घरची श्रद्धा सुटली. पुढे १८९८ मध्ये ते प्रार्थना समाजात आले. परतलेली श्रद्धा जुन्या घरात मात्र मुक्कामाला राहिली नाही. ती ऑक्सफर्डला धर्मशास्त्र शिकायला गेली आणि १९०६ साली अस्पृश्यांसाठी 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' काढून कामाला लागली. श्रद्धा परत आली की ती सोडली तशीच येते, हा समज खोटा ठरवायला शिंद्यांचं एक आयुष्य पुरे आहे. काका ऐकत होते. मध्येच उठून मृदंगाला खोळ घालून आले.

नातेपुते
सोलापूर जिल्हा लागला. खर्च लिहायचा राहिला.

वेळापूर
पिठलं-भाकरी, एकच पंगत. इरावतीबाई कर्वे वारीला गेल्या तेव्हा एकाच दिंडीत भजन एकत्र आणि जेवण मात्र जातीनं वेगळं होतं, ते त्यांना फार लागलं होतं. आज पिठलं वाढणाऱ्याला कुणी आडनाव विचारलं नाही. सगळ्या दिंड्यांत असंच आहे, असं म्हणणं धाडसाचं ठरेल.

वाखरी
सगळ्या पालख्या एकत्र. माणूस माणसाला दिसत नाही.

पंढरपूर
पदस्पर्शाची रांग शहराबाहेर गेलेली. दिंडीतले बहुतेक जण कळसाचं दर्शन घेऊन समाधानी. काका रांगेत गेले नाहीत. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तिथं बसले. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना अंगावर भिंत कोसळून चोखोबा गेले, असं परंपरा सांगते. ज्या देवळात त्यांना जिवंतपणी पाऊल टाकता आलं नाही, त्याचं दार त्यांच्या माणसांना उघडावं म्हणून साने गुरुजी मे १९४७ मध्ये उपाशी राहिले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं संपले, तेव्हा २०१४ उजाडलं होतं. या देवाशी भांडण काढणारे काका पहिले नाहीत आणि आधीच्या भांडणांतली पुष्कळशी रास्त होती.

"हा बी कामावर गेला," काका समाधीकडे बघून म्हणाले. आणखी काही बोलले नाहीत.

संध्याकाळी बुवांनी हिशेबाची वही उघडली. नेहमीचा मृदंगवाला पुढच्या वर्षी बरा होऊन येणार आहे. तरी काकांनी पुढल्या वारीची भिशी आगाऊ भरली. माळेचा विषय बुवांनी काढला नाही, काकांनीही नाही. पावतीवर नावापुढे 'टाळकरी' लिहिलं आहे.